कणगीतले बी आणि कातळावरचे बी

कणगीत ठेवलेले बी उगवत नाही. तेच ओल्या वाफ्यात टाकले की काही दिवसांत कोंब काढते. मधल्या वेळात बी बदलले, की त्याच्या भोवतीची परिस्थिती तेवढी बदलली? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर काही शतके खल झाला. निमित्त बियाचे होते, पणाला लागला होता आत्मा.

बौद्धांचा युक्तिवाद धारदार आहे. धर्मकीर्तीने सातव्या शतकात त्याचा पाया घातला; विक्रमशिला महाविहारातला ज्ञानश्रीमित्र आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती यांनी अकराव्या शतकात त्यावर कळस चढवला. कणगीतल्या बियात अंकुर काढण्याचे सामर्थ्य असेल, तर ते तिथेच का उगवत नाही? समर्थ वस्तू खोळंबून कशाला राहील? आणि सामर्थ्य नसेल, तर शेतात गेल्यावर ते आले कुठून? सबब शेतात उगवणारे बीज कणगीतले नव्हेच. क्षणोक्षणी नष्ट होत नव्याने उपजणाऱ्या प्रवाहातला तो अखेरचा क्षण. त्याला 'कुर्वद्रूप' असे नाव. बीज क्षणिक ठरले की जे जे आहे ते सारे क्षणिक ठरते, आणि कर्म करणारा व त्याचे फळ भोगणारा असा एकच टिकाऊ आत्मा मानायला जागा राहत नाही.

मिथिलेचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उदयनाचार्य यांनी 'आत्मतत्त्वविवेक' या ग्रंथात याला उत्तर दिले. त्यांच्या मते बीज तेच असते, माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे जमायची राहिलेली असतात. विलंब सहकाऱ्यांचा, दोष बियावर कशाला?

कोकणात हा दाखला शोधायला ग्रंथ उघडावा लागत नाही. धूळवाफेची पेरणी पावसाआधीच होते. मुडीतून निघालेले भात कोरड्या मातीत पडून राहते आणि पहिल्या चांगल्या सरींनंतर वर येते. शेत गाठले, तरी उगवण नाही. उणे होते ते पाणी, आणि इथे उदयनाचार्यांची बाजू सरळ पटते.

पण याच कोकणात, रत्नागिरीजवळच्या आरे-वारे परिसरात, समुद्रालगत जांभ्याचे डोंगर आहेत. रत्नागिरीच्या अशा सड्यांवर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात: बोटभर दांडा, त्यावर निळसर जांभळे इवलेसे फूल, आणि मातीखाली सूक्ष्म पिशव्या. पिशवीला स्पर्श होताच झाकण आत उघडते आणि पाण्याबरोबर बारीक जीव ओढला जातो. कातळावरच्या पातळ मातीत पोषण नाही, म्हणून ही शिकार. वर्षायू जातीचे रोप पाऊस सरल्यावर मरते. मागे राहते ते धुळीसारखे बी. कडक उन्हाळा त्याला त्याच तापलेल्या कातळावर काढावा लागतो. हेच बी कुणी माड-पोफळीच्या सावलीत, शेणखत घातलेल्या वाफ्यात पेरले तर पाणी मिळेल, माती मिळेल. पण त्या सुपीक मातीत दांडगे तण बघता बघता त्याच्यावर कुरघोडी करील. सहकारी कारणे कोणती, हेही बीच ठरवते. वाफ्यासाठी भाताने मागितलेली यादी कातळावरच्या फुलाला लागू नाही.

हिमालयातल्या निळ्या पॉपीने वाद आणखी अवघड केला असता. उत्तराखंडच्या फुलांच्या घाटीत तिची एक जात आढळते. वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्डने 1924 साली तिबेटमध्ये दुसरीचे बी गोळा करून ब्रिटनला नेले आणि सावलीच्या बागांत तिचे वेड पसरले. ताजे बी आम्ल, दमट मातीवर नुसते भुरभुरायचे, कारण त्याला उजेड हवा. बऱ्याच जातींच्या बियांना आधी काही आठवडे ओलसर थंडी द्यावी लागते. हौशी माळी त्यासाठी फ्रिज वापरतात. जांभ्याची आम्ल माती आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस असूनही रत्नागिरीच्या उष्म्यात ती तग धरणार नाही.

तत्त्वज्ञाच्या दृष्टीने मुद्दा त्या थंडीचा आहे. कोंब फुटतो तेव्हा थंडी संपून गेलेली असते. हजर नसलेला सहकारी काम कसे करतो? थंडीने बियात काही घडवून ठेवले असेल, तरच. म्हणजे वाट पाहताना बी बदलते, हे बौद्धांचे म्हणणे इथे खरे ठरते. त्यांची पुढची उडी मात्र फार लांबची वाटते, कारण बदल झाला म्हणून वस्तूच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. नैयायिकांच्या भात्यात याला जोडीचे शस्त्र होते. कर्म संपते, पण त्याने आत्म्यात उपजलेले अदृष्ट राहते आणि पुढे फळ देते. द्रव्य तेच, गुण नवा. थंडी खाल्लेल्या बियाला हीच रचना चपखल बसते.

बौद्ध यावर गप्प बसले नसते: गुण बदलत जातात, तर त्यांच्याखाली न बदलणारे द्रव्य कुणी पाहिले? हिमालयी पॉपीच्या अनेक जाती एकदा फुलून, बी टाकून मरतात; रोप संपते, प्रवाह तेवढा चालू राहतो, हा दाखला त्यांनी आनंदाने पुढे केला असता. पुढच्या काळात शंकर मिश्र, रघुनाथ शिरोमणी या नैयायिकांनी उदयनाचार्यांच्या ग्रंथावर टीका लिहिल्या; तोवर विक्रमशिला उद्ध्वस्त होऊन बराच काळ लोटला होता आणि त्यांच्या युक्तिवादांना तोलामोलाचे उत्तर द्यायला समोर विहार उरला नव्हता.