सिम्पथी, एम्पथी आणि हळदीकुंकवाची यादी



मागच्या रविवारी सत्संग झाल्यावर आम्ही पाच-सहा जणी प्रसादाची भांडी आवरत होतो. आपल्या बालसंस्कार वर्गात वाढलेली एक मुलगी यंदा बारावीला आहे. ती पुस्तक हातात घेऊनच आली होती. म्हणाली, "काकू, सिम्पथी आणि एम्पथी यात फरक काय?" आम्ही सगळ्या तशा शिकलेल्या. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम., एक जण तर आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीची एम.ए. पण उत्तर सगळ्यांचं एकच आलं, "अगं, दोन्ही म्हणजे सहानुभूतीच." ती म्हणाली, "मग दोन शब्द कशाला?"

उत्तर काही सुचेना. घरी जाऊन शोधायचं ठरलं. शोधता शोधता आम्ही जिथे येऊन पोचलो, ते लिहायला थोडं अवघड वाटतंय. पण सेवेत झालेली चूक सेवेतच सांगावी, म्हणून लिहितो आहोत.

🌸 *आधी शब्दांचं पाहू*

सिम्पथी हा शब्द फार जुना, मूळ ग्रीक भाषेतला. 'सोबत' आणि 'भावना' असे दोन तुकडे जोडून तो झाला. आपली सहानुभूतीसुद्धा तशीच, सह आणि अनुभूती. म्हणजे मुळात शब्द मोठाच होता. पण वापरून वापरून नाणं झिजतं तसा तो झिजला. आता सिम्पथी म्हणजे दुसऱ्याचं पाहून आपल्याला वाईट वाटणं, आणि ते आपण बोलून दाखवणं.

एम्पथी त्यामानाने अगदी नवा. १९०९ साली टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन शब्दासाठी तो इंग्रजीत घडवला. त्या जर्मन शब्दाचा अर्थ 'आत शिरून अनुभवणं'. चित्र किंवा मूर्ती पाहताना माणूस मनाने तिच्या आत कसा जातो, हे सांगायला तो शब्द आधी वापरत. पुढे तो माणसांसाठी आला. मराठीत त्याला कुणी समानुभूती म्हणतं, कुणी परानुभूती.

शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. आद्य शंकराचार्यांची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, त्यांना संसारातले प्रश्न विचारले. आचार्य संन्यासी. सगळी शास्त्रं तोंडपाठ होती, पण त्यांनी ऐकीव माहितीवर उत्तर दिलं नाही. मुदत मागून घेतली, अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला, संसार अनुभवला आणि मग उत्तर दिलं. परकायाप्रवेश आपल्याला जमणारा नाही. पण 'हे मला ठाऊक नाही, थांबा' एवढं म्हणणं तर जमेल? एम्पथीची सुरुवात तिथूनच होते, असं आम्हाला वाटतं.

🌸 *आता आपल्या गावातली गोष्ट*

हा फरक पुस्तकापेक्षा आपल्या बडोद्यातच जास्त स्पष्ट दिसतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. परत आल्यावर संस्थानची नोकरी करायची असं ठरलेलं होतं. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्याला आले. नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून धमकावून गेले.

मग काय झालं, ते बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. आधी ते हिंदू मित्राकडे गेले. मित्र चांगला होता. हकिकत ऐकून त्याला फार वाईट वाटलं, संतापही आला. पण बोलता बोलता तो एवढंच म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. बाबासाहेब काय समजायचं ते समजले आणि उठले. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. तेव्हा दुपारचे चार वाजले होते, मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी कमाठीबागेत बसून काढले.

तीच आपली सयाजीबाग. मुलांना घेऊन आपण प्राणी बघायला जातो, संध्याकाळी फिरायला जातो. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपल्यातल्या कितीजणी तिथे मुद्दाम जाऊन उभ्या राहिल्या असतील?

आम्ही विचार केला तो त्या पहिल्या मित्राचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, राग आला होता. सिम्पथीत काही कमी नव्हती. पण त्याचं सगळं गणित स्वतःच्या घराच्या बाजूने होतं. माझे नोकर, माझी गैरसोय. आज रात्री हा माणूस पाठ कुठे टेकणार, हा प्रश्न त्याच्या बाजूने कुणी विचारलाच नाही. नोकर गेले असते तर चार दिवस घरची कामं स्वतः करावी लागली असती. तेवढी किंमत जड वाटली.

🌸 *आणि आता आमची गोष्ट*

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग काकू, संक्रांतीला तुम्ही त्या मावशींना बोलावलं नाहीत, ते काय होतं? सिम्पथी की एम्पथी?"

आम्ही एकमेकींकडे पाहायला लागलो.

आपल्या एका गुरुभगिनीचे यजमान गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. त्या वेळी आम्ही सगळ्या धावलो होतो. तेरा दिवस पाळीपाळीने डबा पोचवला. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' चे इतके मेसेज आले की स्क्रोल करून बोट दुखावं. पहिल्या संक्रांतीला तिला बोलावलं नाही, कारण वर्ष व्हायचं होतं. यंदा वर्षही उलटून गेलं होतं. तरी हळदीकुंकवाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. कुणी ठरवून गाळलं नाही, कुणी 'नको' म्हटलं नाही. यादी लिहिताना पेन तिच्या नावावरून आपोआप पुढे गेलं. एकीच्या लक्षात आलं, तेव्हा दुसरी म्हणाली, "जाऊ दे, चारचौघीत तिला उगाच वाईट वाटेल." आणि आम्हाला ते पटलं. उलट आपण किती समजूतदार, असंच वाटलं.

कार्यक्रमाचे फोटो संध्याकाळी ग्रुपवर टाकले. खाली तिचाही मेसेज होता, 'खूप छान 👌'. आम्ही त्यावर हात जोडल्याची इमोजी टाकून मोकळ्या झालो.

मुलीच्या त्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी आम्ही तिघीजणी तिच्या घरी गेलो. तिनं चहा टाकला. विषय कसा काढावा ते कळेना. शेवटी तिनंच विचारलं, "यंदाचं वाण कुणी आणलं गं? डबे कमी पडले ना?" खरंच कमी पडले होते. गेली कित्येक वर्षं मंगळबाजारात जाऊन, घासाघीस करून, मोजून वाण आणायचं काम तिचंच होतं. दहा जास्त घ्यायचे, ऐन वेळी कुणाची जाऊ येते, कुणाची सून येते, हे तिला माहीत. आम्हाला नाही.

मग आम्ही कबूल केलं. म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून बोलावलं नाही. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "कदाचित मी आलेही नसते. पण नाही म्हणायचं ते मी म्हणायला हवं होतं ना? तुम्हीच माझ्या वतीने म्हणून टाकलंत."

गुरुबंधू-भगिनींनो, सिम्पथी आणि एम्पथी यातला फरक आम्हाला त्या वाक्यात कळला. तिला वाईट वाटेल असं आम्ही म्हणत होतो, पण अवघडलेपण खरं कुणाचं होतं? ती समोर आली असती तर कुंकवाचा करंडा हातात घेऊन आम्हीच थबकलो असतो. तेवढा एक क्षण आम्हाला टाळायचा होता. नोकर जातील म्हणणाऱ्या त्या मित्रात आणि आमच्यात मग किती अंतर राहिलं? दोन्ही दुःखं एका मापाची नाहीत, हे आम्हाला कळतं. बाबासाहेबांवरचा अन्याय साऱ्या समाजाने केलेला, फार मोठा. पण चांगल्या माणसाच्या हातून दार कसं बंद होतं, ते दोन्हीकडे सारखंच आहे. सिम्पथी दुसऱ्याच्या वतीने ठरवून टाकते. एम्पथी आधी विचारते, आणि मग जे उत्तर येईल त्यासाठी स्वतःच्या घरात थोडी सरकून जागा करते.

🌸 *दोन शंका*

पहिली शंका काही ज्येष्ठांनी बोलून दाखवली, की ही रूढी आहे, आपण कोण मोडणार? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव पाहा. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा आपल्या गावात बंद. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकी गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. गावाच्या गाव हा विचार करू शकतं, तर आपली यादी चाळीस-पन्नास नावांची. ती लिहिणारा हात आपलाच आहे. त्यासाठी ग्रामसभा लागत नाही.

दुसरी शंका उलट्या बाजूची. एम्पथी म्हणजे सगळ्यांना ओढून आणायचं का? नाही. आम्ही आता घरोघरी जाऊन विचारायला सुरुवात केली आहे. एका आजींनी, ज्यांचे यजमान जाऊन चाळीस वर्षं झाली, साफ सांगितलं, "मला नको गं. आयुष्य असंच गेलं, आता मला तिथे चैन पडणार नाही. पन्हं मात्र घरी पाठवा." आम्ही बरं म्हटलं. तुम्ही आलंच पाहिजे, असा आग्रह धरला असता तर तीही आमचीच मर्जी झाली असती, फक्त रंग नवा. ज्या ज्येष्ठ भगिनींना हा बदल रुचत नाही, त्यांच्याशीही आम्ही वाद घातला नाही. त्यांनी हेच नियम स्वतः सोसले आहेत. त्यांच्याही जागी जाऊन पाहायला हवं.

आणखी एक गोष्ट. 'तुझं दुःख मला अगदी कळतं' असं आपण फार पटकन म्हणतो आणि लगेच आपल्या घरातली कहाणी सुरू करतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे आपल्या म्हातारीकोतारी उगाच नाही म्हणत. पूर्ण कळणं आपल्या हातात नाही. विचारणं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणं, एवढं आहे. सिम्पथीही टाकाऊ नाही बरं का. ते तेरा दिवसांचे डबे खोटे नव्हते. पण चौदाव्या दिवशी आम्ही थांबलो, तिथे चुकलो.

🌸 *चैत्रात काय करायचं*

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची यादी आता करायची आहे. आंब्याची डाळ आणि पन्हं नेहमीप्रमाणे. यंदा यादीत सगळ्या भगिनींची नावं लिहिली आहेत, काही वगळून नाही. ज्यांना विचारायला संकोच वाटतो, त्यांना फोनवर नाही, घरी जाऊन विचारायचं आहे. येणं न येणं त्यांचं. आल्यावर कुंकू घ्यायचं, फूल घ्यायचं की नुसतं पन्हं, तेही त्यांचंच. आपण फक्त करंडा पुढे करताना थबकायचं नाही. कुणाला हे पटत नसेल तर आमच्याशी जरूर बोला, आम्ही ऐकून घेऊ.

पुरुषमंडळींनीही हे फक्त बायकांचं म्हणून सोडून देऊ नये. ऑफिसात नोकरी गेलेला मित्र, बारावीला नापास झालेला भाचा, घटस्फोट झालेली बहीण, लग्नकार्यात यांची नावं आपण कशी सोडतो, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून, ते एकदा तपासून पाहा.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढंच करूया. ज्याला आपण नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळे झालो, अशा एका माणसाकडे जाऊया आणि विचारूया, "तुला काय हवंय?" सद्गुरूंसमोर बसून आपण रोज म्हणतो की सगळ्यांत एकच आत्मा आहे. तो आपल्या यादीतही दिसू दे, एवढीच प्रार्थना.

आणि हो, वाण आणायला त्या भगिनीनेच होकार दिला आहे. दहा जास्त आणणार आहे.

🙏 जय गुरुदेव 🙏
आपल्याच, महिला सेवा मंडळातील भगिनी, बडोदे

(आपल्या फॅमिली ग्रुपवर जरूर पाठवा. घरातल्या मोठ्यांना मोबाइलवर वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.)