पटावरील नाव व पंगतीतील जागा



मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले म्हणजे त्यास शाळेत जागा मिळाली, असे आपण सहज मानतो. परंतु नाव मास्तर लिहितात. जागा मात्र शेजारी बसणारे मूल देते. ही दोन कृत्ये एक नव्हेत.

आपल्या मंडळ्यांतील वडील माणसांस हा भेद शिकविण्याची गरज नाही. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेविले की, बसावयाचे तरट त्यांस घरून न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्यांस पाणी मिळत नसे. नाव पटावर होते, जागा नव्हती. याच्या उलट १८५५ साली मुक्ता साळवे या मांग जातीच्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तेथे तिला अक्षरे मिळाली, आणि आपले म्हणणे ऐकले जाईल हा भरवसाही मिळाला. त्याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. जो फळ्यापाशी समता शिकवितो त्याने ती हौदापाशीही पाळली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते.

आता आपली स्वतःची गोष्ट. आपल्या आजोबांस शाळेच्या ओट्याखाली बसविले, हे आपण दुःखाने सांगतो. परंतु आज त्या ओट्याखाली कोण बसते, हे आपण पाहतो काय?

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मी भेटीस गेलो असता एका मुलीची कंपासपेटी हरवली. मास्तरांनी काही चौकशी न करिता वर्गातील एकुलत्या एका पारध्याच्या मुलाचे दप्तर जमिनीवर पालथे केले. त्यातून दोन वह्या व अर्धी भाकर निघाली. पेटी संध्याकाळी त्या मुलीच्याच घरी सापडली. ती मुलगी आपल्या मंडळीतली होती. मी पाळक तेथे बसलो होतो, आणि मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत आला नाही. पटावर त्याचे नाव मात्र वर्षअखेरपर्यंत होते.

त्या मास्तरांस मी दुष्ट म्हणत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि कित्येक जमाती जन्मतःच चोर ठरल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु कागदावरून पुसलेला संशय मनातून पुसला गेला नाही. तोच संशय त्या दिवशी मास्तरांच्या हातात होता व माझ्या मौनात होता.

कोणी म्हणेल, "आम्ही भेद करीत नाही, सर्वांस सारखेच वागवितो." हे बोलणे चांगले, पण पुरेसे नाही. ज्या मुलाच्या घरी पारधी बोली बोलतात त्यास मराठीत प्रश्न विचारून इतरांइतकाच वेळ दिला, तर ती वागणूक सारखी झाली, परंतु न्याय झाला नाही. आई आपल्या आजारी लेकराच्या उशाशी अधिक बसते. त्यामुळे दुसऱ्या लेकरांवर अन्याय होतो असे कोणी म्हणत नाही. पौल मंडळीस शरीराची उपमा देतो, ती याच अर्थाने. डोळा हात होत नाही, आणि त्याने हात व्हावे अशी अपेक्षाही नाही. तरी एकाचे दुखणे सर्वांचे होते. वेगळेपण राखून एक होणे, हीच खरी समता होय.

१९४९ साली स्वीकारलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला, आणि २००४ साली स्वयंपाकाच्या कामी दलितांस प्राधान्य द्यावे असेही सांगितले. कायदा मुलांस पंगतीपर्यंत आणू शकतो. "इकडे सरक, माझ्याजवळ बैस," हे मात्र कायदा बोलू शकत नाही. ते तुमच्या-आमच्या लेकरांनी बोलावयाचे आहे.

पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवीत असे. पण याकोबाकडून काही लोक येताच तो भिऊन पंगतीतून मागे सरला. पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला, कारण पंगतीतून उठणे हे सुवार्तेपासूनच ढळणे होते. पेत्राने तोंडाने काही वाईट बोलल्याचे लिहिलेले नाही. तो केवळ सरकला. मीही त्या दिवशी केवळ गप्प बसलो होतो.

यास्तव बंधूंनो व भगिनींनो, आज रात्री जेवताना आपल्या मुलांस विचारा : शाळेत एकटे कोण बसते? ते नाव कळल्यावर त्या लेकरास एके दिवशी आपल्या घरी बोलवा, व आपल्या मुलांच्या ओळीत, त्याच ताटांत जेवू घाला. मंडळीतील शिक्षकांस माझी विनंती की, काही हरवले तर एक तर सर्वांची दप्तरे पाहा, नाही तर कोणाचेच पाहू नका. आणि आम्हा पाळकांसाठी प्रार्थना करा की, बोलण्याच्या वेळी आमची जीभ टाळ्याला चिकटू नये.

ज्या प्रभूस जन्मसमयी उतारशाळेत जागा मिळाली नाही, तो आपल्या लेकरांस दुसऱ्यास जागा देण्याची बुद्धी देवो.