ग्रहण, पडदा आणि पडताळा

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. चंद्र ८२ मिनिटं पृथ्वीच्या पूर्ण सावलीत होता. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुरात काय किंवा लातुरात काय, वेध पाळणाऱ्या घरात पोरं आत राहतात आणि ग्रहण बाहेर होऊन जातं.

'स्टेलॅरियम' या मोफत संगणकप्रणालीत तीच रात्र पुन्हा उभी करता येते. ठिकाण अर्धापूर द्यायचं, काळ पळवायचा, मग थेट चंद्रावर जाऊन उभं राहायचं. तिथून पृथ्वी सूर्याला झाकताना दिसते! राहू-केतूही सापडतात: चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन बिंदू.

मग श्रद्धेचं काय?

पोथीऐवजी मूल पडद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागलं, तर फक्त गुरू बदलला. पडद्यावरच्या या खेळाचं खरं मोल पडताळ्यात आहे. पडद्यावरची वेळ वहीत लिहायची आणि अंगणात जाऊन चंद्राशी ताडून पाहायची. ही रीत धर्माला परकी नाही. आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह लोकमान्य टिळकांनीच धरला होता. ग्रहणात कुणी जप करावा, जरूर करावा. भीती मात्र मुलांच्या माथी मारू नये.

पुढच्या चंद्रग्रहणाला त्यांना गच्चीवर न्या. ते साध्या डोळ्यांनी पाहणं पूर्ण सुरक्षित असतं.