लावलेले झाड आणि टिकलेले झाड

मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. या शिकवणीत पुण्याची गोष्ट रोप मातीत खोचण्यापाशी थांबत नाही. ती खाणाऱ्याच्या मुखापर्यंत जाते.

पिकांसोबत शेतात झाडे राखण्याला कृषिवनिकी म्हणतात. भारताने २०१४ साली तिच्यासाठी राष्ट्रीय धोरण स्वीकारले. ही पद्धत किती शेतांत रुजली, हे ठरवताना वाटलेली रोपे मोजणे सर्वांत सोपे. पण ते खरे माप आहे काय?

कोणी म्हणेल, कर्मांचा आधार नीयत आहे; मग रोप जगले की वाळले याची चौकशी कशाला? येथे दोन हिशेब वेगळे केले पाहिजेत. अल्लाहच्या दरबारात शुद्ध हेतूने लावलेले, पण दुष्काळात वाळलेले रोपही वाया जात नाही. माणसांपुढे मात्र आकडा ही शहादत असते. वाळलेल्या रोपाला जिवंत झाडांत धरणे ही खोटी साक्ष होय. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना दिलेला इशारा केवळ धान्याच्या तराजूपुरता समजणे योग्य नव्हे.

पश्चिम आफ्रिकेतील नायजर या मुस्लिमबहुल देशाचे उदाहरण बोलके आहे. वसाहतकाळापासून तेथे झाडे सरकारच्या मालकीची मानली जात. म्हणून शेतकऱ्याला ती राखण्यात स्वारस्य नव्हते. १९८०च्या दशकापासून मरादी व झिंदर भागांतील शेतकरी जुन्या खुंटांना व मुळांना फुटलेले धुमारे कापून टाकण्याऐवजी जपू लागले. त्यांतील ‘गाओ’ नावाचे झाड पावसाळ्यात पाने गाळते. त्यामुळे खालच्या बाजरीला ऊन मिळते. उन्हाळ्यात त्याच्या शेंगा गुरे खातात. येथे लागवडीची मोहीम नव्हती, म्हणून रोपांच्या नोंदवहीत हा बदल दिसलाच नसता. १९७०च्या दशकातील हवाई छायाचित्रे पुढच्या काळातील उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली, अभ्यासक शेतांत गेले, तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परतल्याचे जगाला कळले.

यातून बोध असा की, मोजणी एका दिवसाची नसावी. तेच शेत, तोच बांध तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी पुन्हा पाहावा. कोणी कर्जापायी झाड तोडले असेल, तर त्याला दोष न देता तेही लिहावे. सोडून देणाऱ्यांची नोंद नसेल, तर अडचण कोठे आहे हे कधीच उमगणार नाही, आणि तीच चूक पुढच्या गरीब शेतकऱ्याच्या माथी येईल.

अल्पशी का होईना, पण सातत्याने केलेली कृती अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, असे हदीसमध्ये आले आहे. सातत्य ओळखायचे, तर पाहणाऱ्याच्या नजरेतही सातत्य हवे. आपली मशीद, मदरसा वा मोहल्ला झाडे लावील, तेव्हा समारंभाच्या आकड्याबरोबर दुसऱ्या उन्हाळ्यानंतरचा आकडाही सांगावा. तो लहान असेल. पण अमानतीचा असेल.

अल्लाह आपणा सर्वांना खरे माप ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.