दोन दिनार आणि एक खाडा



आपल्या धर्मग्रामातील एका बांधवाच्या अँजिओप्लास्टीसाठी मिस्साबलिदानानंतर झोळी फिरवली, तेव्हा ती दहा मिनिटांत भरली. मला तुमचा अभिमान वाटला. पण हाच बांधव आधी वर्षभर रक्तदाबाची गोळी अधूनमधून सोडत होता, हे मला ठाऊक होते. भोसरीतला कंत्राटी कामगार. गोळी काही रुपयांची. पण तपासून ती आणायला ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे तर एक खाडा, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्या खाड्यासाठी आपण झोळी फिरवली नाही. मीही सुचवले नाही.

अल्बर्ट जॉन्सन या एकेकाळच्या येशूसंघीय नीतितज्ज्ञाने १९८६ साली या वृत्तीला ‘सुटकेचा नियम’ म्हटले. डोळ्यांसमोर कोणी बुडत असेल तर माणूस खर्चाचा हिशेब मांडत नाही. सरकारेही अशीच वागतात. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. हे चांगलेच झाले. मात्र न आलेल्या झटक्याला चेहरा नसतो आणि त्याबद्दल आभार मानायलाही कोणी येत नाही. मग आपले प्रेम माणसावर असते की त्याच्या संकटावर?

दयाळू शोमरोन्याचे तेल आणि द्राक्षारस आपल्या लक्षात राहतात. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि पुढचा खर्चही कबूल केला, हे आपण घाईत वाचतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. दोन खाडेच की!

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हेच ओळखले. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा येथे त्याचा आरंभ झाला. मोजकी ठरलेली औषधे, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि शक्यतो घराजवळ. रुग्णाचे हेलपाटे कमी झाले की गोळी चुकत नाही.

आपला बांधव आता घरी आहे. एका गोळीच्या चार झाल्या, खाडे आहेतच.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बसू. औषधांच्या रांगेत निवृत्तांपैकी कोण उभे राहील? तपासणीला मात्र स्वतःच जावे लागते. त्या दिवसाची मजुरी धर्मग्रामाच्या निधीतून द्यावी, असे मला वाटते. काहींना यात कामचुकारपणाला उत्तेजन दिसेल. त्यांनी तर जरूर यावे.