सुरापान : पातक की व्याधी?

इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरीने जुंपावे तसा, मनुष्य पापाचरण करतो ते कोणाच्या प्रेरणेने, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न पंडितांनी शतकानुशतके चर्चिला. परंतु त्याची धग आज खरोखर कोणाला सोसावी लागत असेल, तर मुलाबाळांच्या शपथा घेऊन सकाळी दारू सोडणाऱ्या आणि दिवेलागणीला पुन्हा गुत्त्याची वाट धरणाऱ्या व्यसनी माणसाला. जग त्याला खोटारडा म्हणते. मला तसे वाटत नाही. त्याची सकाळची शपथ खरी असते आणि संध्याकाळचा पराभवही खरा असतो. त्या पराभवाची जबाबदारी कोणावर टाकावयाची, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या परंपरेने याला दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत गणले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून उकळती सुरा पिऊन देह जाळून घेण्यास सांगितले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मात्र मदात्ययाला स्वतंत्र अध्याय असून तेथे वैद्य रोग्याची लक्षणे पाहतो, औषध व पथ्य ठरवितो आणि त्याच्या पातकाची चौकशी करीत बसत नाही. ब्राह्मणांना मद्य वर्ज्य ठरविणारे महाभारतातील शुक्राचार्य स्वतः मद्याच्या भरात शिष्याची, कचाची, राख पिऊन बसले होते, हेही येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. निषेधाचा तो उच्चार पश्चात्तापातून झाला होता.

पातकाचा पक्ष अगदीच निराधार नाही. हातून सुटलेला दगड परत घेता येत नसला, तरी तो फेकणे न फेकणे फेकणाऱ्याच्या स्वाधीन होते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो, आणि मद्यपीच्या अपराधाला दुप्पट शिक्षा देणारा कायदा तो मान्य करतो. आपल्या १८६० च्या दंडसंहितेनेही स्वेच्छेने केलेली नशा हा गुन्ह्याचा बचाव मानला नाही, आणि ते न्याय्यच होते, कारण ज्या स्त्रीने मार खाल्ला तिच्या फिर्यादीला उत्तर मिळालेच पाहिजे. पण ही सारी दृष्टी मागे वळून पाहणारी आहे. पहिला पेला कोणी उचलला हे ठरल्याने आजचा पेला खाली कसा ठेवावा हे कळत नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने ज्या संकल्पशक्तीने तो ठेवावयाचा तीच जर जायबंदी झाली असेल, तर त्या माणसाला मनोनिग्रहाचा उपदेश करणे म्हणजे दुखावलेल्या अवयवाकडूनच त्याची शुश्रूषा मागणे होय.

खेड्यापाड्यांत हा अनर्थ पुष्कळदा उत्तम हेतूने घडतो. घरची माणसे व्यसनी पुरुषाला बुवांकडे नेतात, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडते, तो त्याच क्षणी दारू तोडतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, झटके येतात, भिंतीवर नाही ते दिसू लागते. ही बाहेरची बाधा समजून त्याला मांत्रिकापुढे बसविले जाते. वास्तविक दारूला सरावलेल्या मज्जासंस्थेतून ती एकाएकी काढून घेतल्याचा हा परिणाम असून त्यात माणूस दगावू शकतो; डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व मिळाले, तर बहुतेकांचे प्राण वाचतात. माळेची निंदा करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. वारकऱ्याची माळ हा चारचौघांच्या साक्षीने धारण केलेला नेम आहे, आणि एकट्याला न पेलणारा संकल्प दिंडीच्या सोबतीने पेलला जातो, हे तिचे खरे सामर्थ्य. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअरबाजारातील गृहस्थ आणि एक शल्यवैद्य यांच्या भेटीतून उभ्या राहिलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची पहिली पायरी हीच आहे की, दारूपुढे आपण हतबल झालो हे मोकळेपणी कबूल करावे. शरणागतीचे हे तत्त्व आमच्या भक्तिमार्गाला परके नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात तर व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांना हात देतात.

मग सरकारची जबाबदारी काय? १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये या राज्यात विनापरवाना दारू पिणे हा आजही गुन्हा आहे. विक्रीचे परवाने तेच सरकार देते आणि अबकारी महसूलही तेच गोळा करते. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचे कलम आले ते पोषण आणि सार्वजनिक आरोग्य यांच्याच ओळीत; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मद्य व मादक द्रव्यांशी निगडित विकार मनोविकारांत धरले. चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली, गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली; त्यांच्या लढ्याला माझा नि:शंक पाठिंबा आहे. मात्र दुकान बंद झाल्यावर त्याच गावातल्या थरथरत्या माणसाने कोठे जावयाचे, याचे उत्तर बंदीच्या हुकुमात नसते. ज्याच्या दुबळ्या झालेल्या इच्छेतून महसूल उभा राहतो, त्याच्या उपचाराचे ऋण त्या महसुलावरच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे की, आपल्या तालुक्याच्या लोकप्रतिनिधीला त्यांनी लेखी विचारावे : गेल्या वर्षी या तालुक्यातून मद्यावर किती महसूल जमा झाला, आणि येथील सरकारी रुग्णालयात व्यसनी रोग्यांसाठी किती खाटा राखल्या आहेत?