तिसरं काडतूस

माळकरी बापाच्या लेकीनं आपल्या मुलाला बदकं मारायची बंदूक निवडायला मदत करावी का? हा प्रश्न पुढे आला तेव्हा मी आधी दुकानात गेले आणि मग महाभारतात शिरले. क्रम उलटा असता तर बहुधा दुकानाची पायरी चढलेच नसते.

आम्ही अमेरिकेत अर्कान्सास राज्यात, बेंटनविलला राहतो. वॉलमार्टचं मुख्यालय इथं असल्यामुळे पुण्या-मुंबईकडची आयटीवाली मंडळी भरपूर आहेत. गणपती बसतो, कोजागिरीचं दूध आटतं. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित आणि पट्टकादंब उतरतात, ते बघतच मी वाढले. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी ठरलेली. मुलगा मात्र जन्मानं आणि जिभेनं इथला. विद्यापीठातला त्याचा रूममेट स्टटगार्टचा. जर्मनीतलं नव्हे, आमच्या राज्यातलं, गाडीनं चार-साडेचार तासांवरचं भातशेतीचं गाव. तांदूळ आणि बदकं यांची जगाची राजधानी आम्हीच, असं ते गाव अभिमानानं सांगतं. 1936 पासून तिथं बदकांचा आवाज काढण्याची स्पर्धा भरते. कॅनडाकडून मॅलर्ड बदकं खाली सरकू लागली की भात कापून झालेल्या खाचरांत आणि पाणी भरलेल्या ओकच्या राईंत उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग माणसं.

रूममेटच्या घरची उसनी बंदूक वापरून झाली, शिकारीचं सक्तीचं शिक्षण झालं, परवाना आला. मग फोन. "आई, मला स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचीय. निम्मे पैसे माझे." इथं एक गंमत सांगते. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक जवळ ठेवता येत नाही, पण शिकारीचा परवाना काढला की ठेवता येते. मुलगा इथलाच नागरिक, त्याला ती अडचण नव्हती. मी म्हटलं, निम्मे पैसे माझे असतील तर निम्मे प्रश्नही माझे.

दुकानातला म्हातारा विक्रेता चांगला माणूस होता. बारा बोअर घ्यायची हे ठरलेलं होतं. चाप ओढला की एक बार. रिकामं काडतूस बाहेर, पुढचं आपोआप आत. ही करामत दोन तऱ्हांनी होते. एका तऱ्हेत छर्ऱ्यांच्या मागचा थोडा वायू नळीच्या भोकातून वळवून दट्ट्या ढकलतात. काजळी धरते, वरचेवर साफ करावी लागते, पण धक्का विभागला जातो आणि खांद्याला मऊ बसतो. दुसरीत बंदुकीच्या स्वतःच्या धक्क्यानंच आतली स्प्रिंग दाबली जाते. भाग कमी, वजन कमी, चिखलपाण्यात कुरकुर कमी. खांद्याला मात्र धक्का पुरता पोचतो. मुलाला ही दुसरी हवी होती. रूममेटकडे तीच होती, आणि पहाटे चिखलातून पाय ओढत चालताना हलकं ओझं कुणाला नको असतं?

विक्रेत्यानं त्याचे बारीक खांदे पाहिले आणि म्हणाला, धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच्या क्षणाला डोळे मिटतो. नळी हलते. बदक मरत नाही, जखमी होतं, आणि लव्हाळ्यात कुठंतरी जाऊन दोन-तीन दिवसांनी मरतं. तोवर मी धक्का म्हणजे मुलाच्या खांद्याचा प्रश्न समजत होते. तो बदकाचाही होता. दस्त्याची लांबी, गालाला टेकणारी उंची, चाळीस यार्डांवर कागद लावून छर्रे कसे पसरतात ते बघणं, हे सगळं मग मला वेगळंच दिसू लागलं. काजळी साफ करायचा कंटाळा करणार नाहीस ना, एवढंच मी मुलाला विचारलं.

साडेतीन इंची काडतुसं घेणारं चेंबर मी नको म्हटलं. बदकांसाठी शिसं वापरायला 1991 पासून देशभर बंदी आहे, छर्रे बहुतेक पोलादाचे असतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, वेग लवकर गमावतं. लांब काडतुसात जास्त माल मावतो, आणि जास्त माल असला की माणूस आवाक्याबाहेरच्या थव्यावर बार काढतो. तीन इंच पुरे.

शिशावर बंदी आली त्यामागची गोष्ट अहिंसेवर बोलणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. नेम चुकलेले छर्रे पाणथळीच्या तळाशी साचायचे. दाणे दळायला बदकं बारीक खडे गिळतात, त्यांबरोबर हे छर्रे पोटात जायचे आणि बदकं शिशाच्या विषानं मरायची. म्हणजे नेम चुकला तरी बदक मरायचं. मारणाऱ्याच्या कानावर कधी जायचंही नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवलं आहे. तो प्रमाद मला इतका स्पष्ट आणखी कुठं दिसलेला नाही.

मग विक्रेत्यानं मॅगझिनची टोपी फिरवून काढली, स्प्रिंग तळव्यानं दाबून हळूच सोडली आणि आतून वीतभर लांबीची प्लास्टिकची कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. वजन जवळजवळ नाहीच. ही नसेल तर त्या नळकांड्यात चार काडतुसं मावतात आणि चेंबरमध्ये एक. कांडी घातली की दोन आणि एक. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी तीनच काडतुसं, हा नियम 1935 चा. दुष्काळानं पाणथळी आटल्या आणि बदकं झपाट्यानं कमी झाली, त्या काळातला. कांडी एकसंध हवी आणि बंदूक उघडल्याशिवाय निघता कामा नये, असंही नियमात आहे. वनरक्षक तुमच्या शब्दावर जात नाही. स्वतः काडतूस ढकलून बघतो.

मला ती कांडी फार आवडली. कायदा शिकाऱ्यावर पहाटे, डोक्यावर थवा असताना विश्वास टाकत नाही. आदल्या रात्री, दिव्याखाली बंदूक जोडताना टाकतो. माणसाच्या स्वभावाचं हे वाचन अचूक आहे. अण्णा चातुर्मासात कांदा-वांगं सोडतात, तो निश्चय आषाढीला होतो, भरली वांगी पानात पडल्यावर होत नाही. संयम मोहाच्या क्षणापर्यंत लांबवला तर तो बहुतेकांच्या हातून निसटतो.

"पण तीन तरी कशाला?" मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "दोन तुमच्या मुलाची. तिसरं जखमी बदकाचं." मुलानं मान डोलावली. लक्षात राहील की नाही ते मात्र पाण्यातच कळणार.

घरी आल्यावर मी आदिपर्व काढलं. पंडू राजा वनात हरणांच्या जोडीवर बाण सोडतो. त्यातलं एक हरण म्हणजे किंदम ऋषी. शाप आपल्याला पाठ असतो, त्याआधीचा वाद आपण विसरतो. पंडू म्हणतो, मृगया हा राजाचा धर्म. अगस्त्यांचा दाखला देतो. त्यावर किंदम म्हणतो, तू हरणं मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही, मी संगात असताना मारलंस म्हणून देतो. वेळ निवडण्यात तू चुकलास. माझ्या मुलाच्या परवान्यामागे नेमका हाच विचार आहे. 1916 साली कॅनडाच्या वतीनं ब्रिटननं अमेरिकेशी करार केला, 1918 साली त्याचा कायदा झाला आणि वसंतातली, म्हणजे जोड्या जमून पक्षी घरट्यांकडे परततात त्या दिवसांतली शिकार बंद झाली. किंदमाला मागता आलं असतं ते इतकंच.

इथवर माझं मन मुलाच्या बाजूनं झुकत होतं. त्याला आणखी रेटा दिला अण्णांनी. फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोजून मारत्यात व्हय तिथं?" म्हटलं, हो अण्णा, दिवसाला सहा, त्यांत मॅलर्ड चारच, त्यातही माद्या दोनच. "आपुन फडात पाचट पेटवतो तवा सरडं, उंदरं, पाखरांची अंडी किती जळत्यात, कोण मोजतंय? पर माझ्या ताटात नगो."

वनपर्वातला धर्मव्याधही हेच सांगतो. मिथिलेचा हा मांस विकणारा कौशिक ब्राह्मणाला शिकवतो की नांगर फिरला की जीव मरतात, भाताचा दाणाही जीवच, हिंसेवाचून कोणी जगत नाही. शिकारीचं समर्थन करायला हा उतारा हमखास काढतात. काढणारे त्याच व्याधाचं दुसरं म्हणणं गाळतात: आपण स्वतः प्राणी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचं मांस विकतो आणि स्वतः खातही नाही. म्हणजे ज्याच्या नावावर मुलानं बंदूक घ्यावी, तो व्याध स्वतः बंदूक धरणारा नव्हताच.

सांगलीकडची माझी एक जैन मैत्रीण इथंच राहते. तिनं उरलंसुरलं समर्थन पाच मिनिटांत मोडलं. त्यांच्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगतात: आरंभी, म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी, म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात होणारी, विरोधी, म्हणजे रक्षणापुरती, आणि संकल्पी, म्हणजे मारायचं ठरवून मारलेली. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पुरत्या टाळता येत नाहीत. चौथी त्यानं सोडलीच पाहिजे. "तुझ्या अण्णांचा फड उद्योगी," ती म्हणाली, "आणि तुझ्या मुलाच्या मेसचं कार्ड भरलेलं आहे. मग बदक कशासाठी?"

याला उत्तर नाही, आणि ओढूनताणून मी देणारही नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याची शिकार संकल्पीच. कांडीनं ती पवित्र होत नाही, ऋतू पाळल्यानं होत नाही, मऊ धक्क्यानं होत नाही. इथले शिकारी निसर्गचक्राच्या गप्पा मारतात त्या मला म्हणूनच पोकळ वाटतात. मारायला आवडतं म्हणून मारतो, असं म्हणणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तरीही एक गोष्ट मैत्रिणीच्या चौकटीतून निसटते. लग्नानंतर मी चिकन खाऊ लागले. रविवारचा रस्सा आमच्याकडे चुकत नाही. बेंटनविलपासून अर्ध्या तासावर स्प्रिंगडेल आहे, टायसन या कोंबडीच्या मोठ्या कंपनीचं गाव. कंपनी सुरू झाली 1935 सालीच, बदकांना तीन काडतुसांचा नियम आला त्याच वर्षी. ट्रेमधल्या कोंबडीचा संकल्प नेमका कुणी केला? मी नाही, दुकानदारानं नाही, पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगारानंही नाही. सगळ्यांची हिंसा उद्योगी, आणि मोजदाद होते ती वजनाची. मुलाच्या हातचं बदक त्याचंच असतं. पडलेलं शोधून आणण्याचा प्रयत्न करणं त्याच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. चिखलात जाऊन, मानेला धरून आणावं लागतं. पाप कोणाचं, हा प्रश्न तिथं फिरत राहत नाही. संकल्पी हिंसा सगळ्यांत वाईट असेल, पण मर्यादा घालता येते ती तिलाच, कारण तिला धनी असतो. माझ्या रश्श्यातल्या हिंसेला धनी नाही, म्हणून तिच्यात घालायला कांडीही नाही.

बंदूक घेतली. वायूवर चालणारी, तीन इंची चेंबरची, अठ्ठावीस इंची नळीची. अटी माझ्या: थव्यावर बार काढायचा नाही, एकच पक्षी निवडायचा, पिसं उपटणं आणि साफ करणं त्याचं, मसाला माझा. मैत्रिणीला हे पटलेलं नाही आणि पटावं अशी माझी अपेक्षाही नाही.

माझ्यासारख्यांची, म्हणजे बंदूक कधी हातात न धरणाऱ्यांची सुटका मात्र यातून होत नाही. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ अर्कान्सासमध्ये पिकतो, आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातली पाण्यातली जंगलं मोठ्या प्रमाणात तोडून ही शेतं झाली. शाकाहारी भाताच्या ताटातही पाणथळ गेलेली आहे. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला दरवर्षी केंद्र सरकारचा डक स्टॅम्प घ्यावाच लागतो. 1934 सालची ही योजना. पहिला स्टॅम्प एक डॉलरचा होता, आता पंचवीसचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळी विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. तो घ्यायला बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही. अमेरिकेत राहून भात खाणाऱ्या, पक्षी बघणाऱ्या मराठी माणसांनी तो घ्यावा. पोस्टात मिळतो, आणि 1 जुलै ते 30 जून चालतो.